तंबोऱ्यावरचा लघुपट आणि दहा दिवसांचं मतदान: आमच्या नोंदी

मिरजेच्या तंबोऱ्यावर नऊ मिनिटांचा लघुपट केला. एका ऑनलाइन स्पर्धेत तो शेवटच्या दहांत आला आणि पुढचा निकाल लोकांच्या मतांवर होता. जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये वहीत लिहिलेलं इथे उतरवतेय. असंच काही करायला निघालेल्यांचे निदान चार दिवस वाचावेत, एवढ्यासाठी.

आम्ही चौघं. लेखन, दिग्दर्शन आणि संकलन माझं. दिवसा मी बँकेत काउंटरवर असते. कॅमेरा मामेभावाचा, त्याला सगळे दादाच म्हणतात. आवाज मैत्रिणीकडे. हिशेब, जेवण, परवानग्या वहिनीकडे, आणि पुढे मतदानाचा सगळा भारही तिच्यावरच आला.

५ जानेवारी, रविवार

स्पर्धेचे नियम दोनदा वाचले. श्रेयनामावलीसह दहा मिनिटांच्या आत. प्रवेश फी ५०० रुपये. पोचवायची शेवटची तारीख १० फेब्रुवारी. परीक्षक दहा लघुपट निवडणार आणि त्यातला पहिला क्रमांक लोक ठरवणार.

ही पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. यूट्यूबनं २०१२ मध्ये घेतलेल्या मोठ्या स्पर्धेत पंधरा हजारांच्या आसपास लघुपट आले होते. त्यातले पन्नास निवडले गेले, लोकांनी मतं देऊन दहा ठरवले आणि व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शक रिडली स्कॉट यांच्यासारख्या परीक्षकांनी त्यातला एक निवडला. आमच्या स्पर्धेत क्रम उलटा. म्हणजे आधी जाणकारांच्या नजरेतून उतरायचं आणि मग दारोदार जायचं. हे आज कळत होतं, तरी मतदानासाठी वेळ आणि पैसे बाजूला काढले नाहीत. ती चूक पुढे भोवली.

गोष्ट साधी. वडील तंबोरे करतात, मुलगी गाते, पण रियाजाला मोबाइलमधला तंबोरा लावते. एका रात्री ती घरी येते. शेवटचे पन्नास सेकंद संवाद नाहीत, फक्त जवारी, म्हणजे तारेतून येणारी भरदार गुंज, खुलत जाण्याचा आवाज. सगळा लघुपट त्या पन्नास सेकंदांसाठी आहे.

११ जानेवारी, शनिवार

सतारमेकर गल्लीत तंबोरे करणाऱ्या चाचांच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे रस्त्याकडेची दहा बाय चौदाची खोली. भिंतीला टांगलेले वाळके भोपळे, कोपऱ्यात लाकडाचा भुसा, मध्ये चाचा पाय पसरून बसलेले. मिरजेत हे काम दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. हत्यारं करणाऱ्या शिकलगारांच्या घरातून फरीदसाहेब या कामाकडे वळले, तिथून ही परंपरा सुरू झाली असं मानतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांनी त्या बातमीचं कात्रण काचेमागे लावलंय.

आवाजाची चाचणी म्हणून फोनवर दोन मिनिटं तंबोरा रेकॉर्ड केला. घरी येऊन ऐकला तर पहिले तीन-चार सेकंद तंबोरा आणि त्यापुढे तो विरतच गेला! मधूनच चाचांचा खोकला मात्र अगदी स्वच्छ. मला वाटलं माइक बिघडला. मैत्रिणीनं कारण शोधलं: फोनमधली गोंगाट कमी करण्याची सोय. सतत एकसारखा वाजणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गाडीचं इंजिन असं ती धरून चालते आणि तो पुसते. तंबोऱ्याचं तर सगळं सौंदर्यच सतत एकसारखं वाजण्यात आहे.

उपाय: तंबोरा, पेटीचा सूर, नदीचं पाणी, पाऊस, असलं काहीही फोनवर रेकॉर्ड करायचं नाही. वेगळा रेकॉर्डर भाड्यानं घेतला, माइकसह दिवसाला ७०० रुपये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. संकलनातही गोंगाट काढणारा कुठलाही फिल्टर तंबोऱ्याच्या ट्रॅकला लावायचा नाही, असं वहीत लाल पेननं लिहिलं.

१८ आणि १९ जानेवारी, शनिवार-रविवार: चित्रीकरण

कॅमेरा आणि लेन्स दिवसाला २,५०० रुपये. दिवे दोन दिवसांचे १,८००.

वडिलांच्या भूमिकेला सांगलीच्या हौशी रंगभूमीवरचे काका. चाळीस वर्षं नाटकं केलेला माणूस. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीतास्वयंवर’ केलं त्या गावचा नट, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. पहिल्या दिवशी प्रत्येक वाक्य खोलीत घुमायला लागलं. चार टेक वाया गेल्यावर मैत्रिणीनं हेडफोन काढून त्यांच्या कानांना लावला आणि म्हणाली, ‘‘काका, तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतोय बघा.’’ काका दोन मिनिटं गप्प बसून स्वतःचा श्वास ऐकत राहिले. त्यानंतरचा टेक पहिल्या फटक्यात झाला. रंगभूमीवरचे नट घेणाराला सांगते, सूचना देत बसू नका, हेडफोन द्या.

दुसऱ्या दिवशी जवारीचा प्रसंग. काकांच्या हातात कानस देऊन त्यांनी घोडी, म्हणजे तारा टेकतात ती हाडाची पट्टी, घासून जवारी काढल्यासारखं करायचं, असं आमचं ठरलं होतं. चाचा दारात उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं आत आले आणि काकांच्या हातातली कानस काढून घेतली. ‘‘खोटी जवारी नको बेटा. तंबोरा बिघडंल आन् बघणारा बी फसंल.’’

मग त्या प्रसंगात हात चाचांचे घेतले. काकांचाच शर्ट त्यांच्या अंगावर चढवला, चौकट मनगटापर्यंत. हाडाच्या घोडीवर कानस तीनदा फिरवायची, फुंकर मारून भुगा उडवायचा, बोटाच्या पेरानं पृष्ठभाग चाचपायचा, तार परत बसवायची. तारेखाली सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. छेडायचं. मान हलवायची. तार काढायची. पुन्हा कानस. असं चाळीस मिनिटं चाललं आणि आम्ही कॅमेरा बंद केला नाही. शेवटच्या छेडीला तार नुसती वाजायची थांबली आणि तिच्यातून जणू दुसरी बारीक तार गायला लागली. खोलीत कुणी हललं नाही. मैत्रिणीचे डोळे भरले होते.

चाचांचा अर्धा दिवस मोडला. वहिनीनं त्यांना ३,००० रुपये दिले. ते घेत नव्हते, तिनं भोपळ्याखाली ठेवले.

२० जानेवारी, सोमवार

रात्री सगळं चित्रण संगणकावर बघितलं. शनिवारच्या कारखान्यातल्या प्रत्येक शॉटमध्ये उजेड लपलपतोय. कारण आमचंच: सेकंदाला ३० फ्रेम आणि शटर १/६० ठेवलं होतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, चाचांच्या खोलीत स्वस्तातली एलईडी ट्यूब. ती विजेच्या तालावर लुकलुकते आणि १/६० चं शटर त्या तालाशी जुळत नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे दिसलं नाही. रविवारी दादानं मनानंच २५ फ्रेम आणि १/५० केलं होतं, म्हणून हातांचा प्रसंग वाचला. ते कळल्यावर मी देवापुढे दिवा लावला, खरंच.

शनिवारचे अकरा शॉट परत घ्यायचे. दोन दिवस संकलनाऐवजी यात जाणार. आता चित्रीकरणाआधी तिथल्या ट्यूबखाली अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन ती मोठ्या पडद्यावर बघायची, हे पक्कं.

२६ जानेवारी, रविवार

फेरचित्रीकरण. तारीख ठरवताना कॅलेंडरकडे कुणी बघितलंच नाही. सकाळी सातपासून चौकात ध्वजवंदनाचे कर्णे, देशभक्तीची गाणी, मग शाळेच्या मुलांची फेरी. अकरापर्यंत एकही शॉट आवाजासह मिळाला नाही. भाडं २,५०० चालूच. संवाद नसलेले शॉट आधी उरकले, दुपारी बाराला शांत झाल्यावर संवादाचे घेतले. दिव्याखाली खोली तापली होती. मुलगी शेजारी बसून तंबोरा छेडते तो शॉट शेवटी, चारच्या सुमाराला झाला. हा शॉट लक्षात ठेवा, पुढे त्याचं नाव येणार आहे.

२९ जानेवारी, बुधवार

फक्त आवाजासाठी पहाटे साडेपाचला कारखाना उघडायला लावला. मिरज जंक्शन जवळ, रात्री-पहाटे गाड्यांचे भोंगे. दोन गाड्यांच्या मधली सलग सात मिनिटं मिळाली, त्यात पन्नास सेकंदांचा शेवट तीनदा घेतला. खोलीचा नुसता रिकामा आवाजही दोन मिनिटं घेतला. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. संकलनात शॉट जोडताना आवाजाची जी फट पडते ती बुजवायला हाच कामाला येतो. साडेनऊला बँकेत हजर.

२ ते ८ फेब्रुवारी: संकलन

रोज रात्री नऊ ते एक.

पहिली अडचण: दादानं दुसऱ्या कोनासाठी फोन लावून ठेवला होता. सहा मिनिटांच्या सलग टेकमध्ये सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी अर्धा सेकंद पुढे-मागे. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग मनानं कमी-जास्त करतो. दोन रात्री मी हातानं तुकडे करून जुळवत बसले. तिसऱ्या रात्री फाइल ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर काढून घेतली आणि वीस मिनिटांत सगळं जुळलं. आधी रूपांतर, मग संकलन. उलट करू नका.

दुसरी अडचण जास्त खोल होती. हेडफोनवर शेवट ऐकताना अंगावर काटा यायचा. तोच फोनच्या स्पीकरवर लावला तर नुसतं चिरचिरणं. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, ७० हर्ट्झच्या आसपास बोलतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. आणि मत देणारे शंभरातले नव्वद लोक फोनवरच बघणार, हेडफोनशिवाय.

मी खालचा भाग वाढवत गेले, फोनवर फरक शून्य, हेडफोनवर मात्र गढूळ. मग मैत्रिणीनं चाचांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, ‘‘खर्ज कानाला दिसत नाही, जवारीनं दिसतो.’’ हे शब्दशः खरं निघालं. मूळ स्वर गेला तरी त्याच्या वरचे स्वर नीट असले तर कान खालचा स्वर मनानं भरून घेतो. खुली जवारी ते वरचेच स्वर देते. म्हणून खालचं काही वाढवलं नाही. पहाटेच्या तीन टेकमधला सगळ्यात खुल्या जवारीचा निवडला, पार्श्वसंगीत म्हणून घातलेली बासरी काढून टाकली, आधीचे संवाद थोडे खाली घेतले म्हणजे शेवट आपोआप वर येतो. वेगवेगळ्या किमतीच्या तीन फोनवर ऐकून मगच पक्कं केलं. बासरी काढताना जीव तुटला, ती माझ्या भावानं वाजवली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

श्रेयनामावलीतली जोडाक्षरं फुटली. ‘दिग्दर्शन’मधला ग आणि द वेगळे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे. जुन्या संगणकावरच्या प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडला नव्हता. तो निवडला, ‘मुक्ता’ फॉन्ट लावला, नीट झालं. दीड तास गेला.

रात्री अकराला फाइल चढवली. मुदतीच्या एक दिवस आधी. हे एक तरी बरोबर केलं.

चित्रीकरणापासून इथपर्यंतचा खर्च वहिनीच्या वहीतून: कॅमेरा ७,५००, रेकॉर्डर चार दिवस २,८००, दिवे १,८००, जेवण-चहा ४,३५०, दोन्ही कलाकारांचं मानधन आणि प्रवास ५,०००, चाचा ३,०००, हार्ड डिस्क ४,६००, फी ५००. एकूण २९,५५० रुपये.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ईमेल. शेवटच्या दहांत आहोत. मी स्ट्राँगरूमच्या पायऱ्यांवर बसून वहिनीला फोन केला, दोघींनाही बोलता येईना.

मतदान १ ते १० मार्च. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, एका नंबरला एक मत. तयारीला पाच दिवस, हातात पैसे नाहीत, आणि घराघरांत दहावी-बारावीच्या परीक्षा.

१ मार्च, शनिवार

सकाळी नऊला लिंक पाठवायला सुरुवात. वहिनीनं व्हॉट्सॲपवर २५६ जणांची ब्रॉडकास्ट यादी केली होती. संध्याकाळपर्यंत फक्त सत्तर-ऐंशी जणांना पोचली. ज्यांच्याकडे तिचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच ती जाते. पुढे पाठवलेला निरोप फार फिरला की एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, त्यामुळे साखळी तिथेच तुटते. इन्स्टाग्रामवर फोटोखाली लिंक लिहिली, ती दाबून उघडतच नाही.

रात्री स्वतःच्या शब्दांत एकेकाला वेगळा निरोप लिहायला बसलो. चौघांनी मिळून १४० निरोप, तीन तास. दुसऱ्या दिवशीची बहुतेक मतं यातूनच आली.

पहिल्या दिवसाअखेर ३१२ मतं. आम्ही सातवे.

३ मार्च, सोमवार

वहिनीला एका अनोळखी माणसाचा निरोप आला: हजार मतं दोन हजार रुपयांत, चोवीस तासांत. दादा म्हणाला, ‘‘वरचे सगळे घेत असणार.’’ आम्ही तासभर बोललो. सगळ्यांच्या मनात आलं होतं, हे लपवत नाही. शेवटी वहिनी म्हणाली की चाचांनी खोटी कानस धरू दिली नाही, त्यांच्या नावावर खोटी मतं घ्यायची का? त्या माणसाचा नंबर ब्लॉक केला.

४ मार्च, मंगळवार

चार दिवसांत १,१०० च्या आसपास अडकलोय. भेटेल तो म्हणतो मत दिलं. मग इतके कमी कसे?

रात्री आईच्या फोनवर पाहिलं. तिनं शनिवारीच ओटीपी टाकला होता. पण ओटीपीनंतर पान खाली सरकवलं की आणखी एक बटण येतं, ‘मत नोंदवा’. छोट्या फोनवर ते दिसतच नाही. आईला वाटलं झालं. किती जणांचं असं झालं असेल, याचा हिशेब लागणं शक्य नाही.

लगेच आईच्याच फोनवर सगळी कृती चाळीस सेकंदांत रेकॉर्ड केली, आईच्या आवाजात: ‘‘आता खाली या, हिरवं बटण दिसेल, ते दाबा.’’ सगळ्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी एका दिवसात ६०४ मतं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मतदान उघडल्याबरोबर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून मत देऊन घ्या आणि शेजारी बसून नुसतं बघा.

५ मार्च, बुधवार

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून टोचतेय, ती लिहून ठेवते. मी रोज काउंटरवर सांगते, ‘‘आजी, ओटीपी कुणालाही सांगू नका.’’ संध्याकाळी त्याच आजीला म्हणायचं की ओटीपी टाका. वाड्यातल्या एका आजोबांनी फोन माझ्या हातात दिला, ‘‘तूच टाक पोरी.’’ मी घेतला नाही.

चौघांचा नियम ठरला: कुणाचा नंबर वहीत लिहून घ्यायचा नाही, कुणाचा ओटीपी ऐकायचा नाही, ज्याचं मत त्याच्याच बोटानं. ज्याला भीती वाटते त्याला आग्रह नाही. फसवणुकीचे प्रकार बघता त्यांची भीती रास्त आहे. यानं वेग निम्मा झाला. आजोबांनी मत दिलं नाही, पण लघुपट दोनदा बघितला.

त्या रात्री आणखी एक बदल केला. ‘‘मत द्या’’ म्हणणं बंद. ‘‘नऊ मिनिटं काढून बघा’’ एवढंच म्हणायचं, मत कसं द्यायचं ते खाली. आणि नुसत्या लिंकवर न राहता पडदा लावून दाखवायचा. प्रोजेक्टर दिवसाला १,२००, स्पीकर तीन दिवसांचा १,५००. क्यूआर कोडची कार्डं ७५०.

६ मार्च, गुरुवार

पहिला खेळ सतारमेकर गल्लीत, चाचांच्या दारासमोर पांढरी चादर बांधून. सव्वाशे माणसं. हातांचा प्रसंग आला तसा मागून एक पोरगा ओरडला, ‘‘अंगठ्याची खूण बघ, आब्बांचा हात हाय!’’ काकांच्या तोंडाखाली चाचांचे हात हे लपलं नाही आणि कुणाला खटकलंही नाही. इथले लोक चेहऱ्याआधी हात ओळखतात.

चाचा स्वतः आत दिवा बंद करून बसून राहिले होते. बाहेर आले नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

सांगलीत काकांच्या नाटकमंडळींच्या तालमीच्या हॉलवर. साठेक माणसं. त्याच दुपारी एका कॉलेजच्या ग्रंथालयातही मुलांनी लॅपटॉपवर लघुपट दाखवला आणि तिथेच रांगेनं मतं दिली. १४३ मतं! आम्ही चौथ्या क्रमांकावर.

८ मार्च, शनिवार

सकाळी आकडा कमी दिसला. १४३ मतं वजा. आयोजकांना लिहिलं, दोन दिवसांनी उत्तर आलं: एकाच इंटरनेट पत्त्यावरून थोड्या वेळात आलेली मतं संशयास्पद म्हणून रद्द. कॉलेजच्या वायफायवर असलेले सगळे फोन बाहेर एकाच पत्त्यानं दिसतात. प्रत्येक मुलाचा नंबर वेगळा, ओटीपी वेगळा, प्रत्येकानं लघुपट बघितलेला. आम्ही वेळ, जागा, मुलांची तयारी सगळं कळवलं. मतं परत मिळाली नाहीत. नियमांत ही अट कुठेही लिहिलेली नव्हती, याचा राग आजही आहे. त्याच छाननीत वरच्या एका लघुपटाची मोठ्या संख्येनं मतं गेली, म्हणजे छाननी हवी हे मान्य. पण खऱ्याला बोलायला जागा हवी.

तुमच्यासाठी: मत देताना वायफाय बंद, ज्याचा त्याचा मोबाइल डेटा.

त्याच दिवशी गाडी काढून मंगळवेढ्याकडे गेलो. तंबोऱ्याचा भोपळा तिकडच्या शेतांतून येतो. खाण्याचा नव्हे, कडू, जाड सालीचा. लघुपटात सुरुवातीला भोपळ्याचा एकच शॉट आहे. ज्यांच्याकडून चाचा भोपळे घेतात त्यांच्या अंगणात चादर लावली. एकसष्ट माणसं मोजली. तिथल्या एका आजींनी तीस वर्षं भोपळे राखलेत: वेलावर असताना खाली गवताची चुंबळ घालायची, डाग पडू द्यायचा नाही, फिरवत राहायचं. त्यातून वाजतं काय, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. शेवटचे पन्नास सेकंद संपले तरी आजी पडद्याकडे बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, ‘‘आगं, ह्यो आपलाच भोपळा बोलाय लागलाय की.’’

रेंज नव्हती. ओटीपी येईनात. सगळी मंडळी रात्री साडेनऊला टेकाडावरच्या टाकीपाशी चढून गेली आणि तिथे उभं राहून एकेकानं मत दिलं. बत्तीस मतं नोंदली गेली, बाकीच्यांचा ओटीपी आलाच नाही. पेट्रोल १,९०० रुपये. मतांच्या हिशेबात हा दिवस तोट्याचा. पुन्हा करायची वेळ आली तर मी पहिल्या दिवशी तिथेच जाईन.

१० मार्च, सोमवार

शेवटचा दिवस. रात्री अकरापासून पान उघडेना, बाराला मतदान बंद. शेवटच्या तासावर कुणीही काही ठेवू नये. परदेशातल्या नातेवाइकांचीही मतं गेलीच नाहीत, कारण ओटीपी भारतीय नंबरलाच येतो. माझी मावसबहीण मेलबर्नमध्ये, ती दहा दिवस रोज प्रयत्न करत होती. नियमात ‘भारतीय मोबाइल’ लिहिलं होतं, आमच्याच नजरेतून सुटलं.

१७ मार्च, सोमवार

निकाल. ३,९२७ मतं, दहांत तिसरे. बक्षीस पहिल्याला, आम्हाला प्रमाणपत्र. पहिला आलेला लघुपट आम्ही चौघांनी एकत्र बसून बघितला. चांगला आहे, आणि त्यांनी मतदानाची टीम वेगळी ठेवली होती, आठ जणांची.

मतदानाच्या दहा दिवसांचा खर्च ७,७५०. सगळा मिळून ३७,३०० रुपये. चित्रीकरण चार दिवसांचं, मतदान दहा दिवसांचं, आणि या दहा दिवसांत मी चार रजा टाकल्या. पैशांची आणि माणसांची वाटणी करताना हे आधी धरा.

२३ मार्च, रविवार

पेन ड्राइव्ह घेऊन चाचांकडे गेले. गल्लीतला खेळ त्यांनी आतून ऐकला होता, बघितला नव्हता. आज टीव्हीवर लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले. स्वतःचे हात आले तरी उघडले नाहीत. शेवट संपल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘शेवट बरोबर हाय. पण पोरगी छेडती तिथं जोड उतरलीय.’’

२६ जानेवारीचा दुपारी चारचा शॉट. घरी येऊन तारेचा स्वर मोजला. जोडीतली, म्हणजे मधल्या सारख्या सुराच्या दोन तारांतली, एक तार खरंच उतरलेली, दिव्याच्या उष्णतेनं सैल पडलेली. परीक्षक, चार हजार मतं देणारे, हेडफोन लावून शंभर वेळा ऐकणाऱ्या आम्ही दोघी, कुणाच्याही कानाला ते लागलं नव्हतं.

चाचांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, तंबोरा लावून ठेवतो. मंगळवारी पहाटे साडेपाच. मैत्रिणीनं रेकॉर्डर सांगून ठेवलाय, ७०० रुपये.